रिमोट दाबला तरी प्रोजेक्टर ढिम्म

मागील अंकात डिजिटल वर्गखोलीविषयी लिहिताना आम्ही प्रोजेक्टरचा पडदा, खोलीतला उजेड आणि बसवण्याची उंची यांवरच भर दिला होता. त्यावर आलेली पत्रे वाचताना लक्षात आले की पुष्कळांचा प्रोजेक्टर ठणठणीत आहे, त्यांना जेरीस आणले आहे ते त्याच्या रिमोटने. म्हणून या वेळचे सदर रिमोटलाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आम्ही छताला बसवला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचा रिमोट चालेनासा झाला. नवे सेल घालून पाहिले, तरी उपयोग नाही. दुकानदाराने फोनवरच सांगितले की बोर्ड गेला असणार, प्रोजेक्टर उतरवून घेऊन या. उतरवण्याआधी दोष नेमका रिमोटमध्ये आहे की प्रोजेक्टरमध्ये, हे आम्हाला शाळेतच कळू शकेल काय?

उत्तर : कळू शकेल, आणि त्यासाठी आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याखेरीज काही लागणार नाही. रिमोटच्या टोकाला वाटाण्याएवढा एक दिवा असतो. बटण दाबले की तो अवरक्त प्रकाशात लुकलुकू लागतो. या प्रकाशाची तरंगलांबी साधारणतः ९४० नॅनोमीटर असते आणि आपल्या डोळ्याची धाव ७०० ते ७५० नॅनोमीटरच्या आसपास संपते, त्यामुळे दिवा लागला की नाही हे आपल्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला मात्र दिसते. खिडक्या लोटून खोली थोडी अंधारी करावी, मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा सुरू करावा, रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरून एखादे बटण दाबून ठेवावे. पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला, तर रिमोट काहीतरी पाठवतो आहे हे निश्चित झाले. मागचा कॅमेरा शक्यतो वापरू नये, कारण पुष्कळ मोबाइलमध्ये त्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते आणि चांगला रिमोटही त्यात मेलेला दिसतो. हीच परीक्षा आधी घरच्या टीव्हीच्या चालू रिमोटवर करून पाहिली, म्हणजे आपला कॅमेरा या कामाचा आहे की नाही तेही कळेल.

ठिपका दिसलाच नाही, तर प्रोजेक्टरला हात लावण्याचे कारण नाही. सेलचे झाकण पुन्हा उघडावे. दोन पेन्सिल सेल बहुतेक रिमोटमध्ये उलटसुलट दिशेने बसतात, आणि घाईत दोन्ही एकाच दिशेने बसवले जाणे ही अगदी नेहमीची चूक आहे. एक सेल नवा आणि एक जुना, अशी काटकसरही शाळांतून पाहायला मिळते. ती करू नये, कारण जुना सेल नव्यालाही ओढतो आणि फुटण्याची शक्यता वाढते. स्प्रिंग दबून बसली असेल तर ती नखाने थोडी वर ओढावी. सेल दातांनी चावणे, उन्हात ठेवणे, रिमोट तळहातावर आपटणे हे आपल्याकडचे पिढीजात उपाय आहेत. त्यांतला आपटण्याचा उपाय कधीकधी लागू पडतो, तो सेल आणि स्प्रिंग यांचा सुटलेला संबंध क्षणभर जुळतो म्हणून. म्हणजे दुरुस्ती स्प्रिंगचीच करायला हवी.

ठिपका स्पष्ट दिसला, तर आता प्रोजेक्टरकडे वळावे. टेबलावर चढून प्रोजेक्टरच्या अंगावरचे चालू करण्याचे बटण दाबावे. तेवढ्याने तो सुरू झाला, मेनू उघडला, चित्र आले, तर ‘बोर्ड गेला’ हे निदान घाईचे होते असे समजण्यास हरकत नाही. उरतो तो प्रोजेक्टरचा डोळा. पुढच्या बाजूला, आणि अनेक प्रोजेक्टरांना मागच्या बाजूलाही, गडद लालसर काळ्या प्लास्टिकची एक लहान खिडकी असते. रिमोटचा प्रकाश टिपणारा भाग तिच्यामागे बसवलेला असतो. आपल्या पत्रातील ‘दिवाळीच्या सुट्टीनंतर’ या शब्दांपाशी आम्ही थांबलो. सुट्टीत शाळेची रंगरंगोटी झाली असेल, तर या खिडकीवर चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा शिंतोडा बसला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. तसे असल्यास ओलसर मऊ फडक्याने तो अलगद पुसावा. थिनर लावू नये, प्लास्टिक पांढरे पडते. रंग झाला नसेल, तर महिनाभराची धूळ आणि कोळ्याचे जाळे हे संशयित आहेतच.

दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट बदलते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन वर्गात खूप आतपर्यंत येते. ते थेट, किंवा फरशीवरून परावर्तित होऊन, प्रोजेक्टरच्या डोळ्यावर पडत असेल तर प्रोजेक्टर अक्षरशः दिपून जातो. खरे तर डोळ्यामागचा प्रकाश टिपणारा भाग सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशालाच ओळख देतो आणि स्थिर प्रकाशाकडे दुर्लक्ष करतो, पण उन्हाचा मारा फार झाला की त्या गर्दीत रिमोटची क्षीण लुकलुक हरवते. ही तक्रार फार जुनी आहे. १९५५ साली झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी तयार केलेल्या ‘फ्लॅश-मॅटिक’ या पहिल्या बिनतारी टीव्ही रिमोटमध्ये साधा दिसणारा प्रकाशझोत वापरलेला होता, आणि खिडकीतून ऊन आले की तो टीव्ही आपला आपणच वाहिनी बदलत असे. आपला प्रोजेक्टर संध्याकाळी व्यवस्थित ऐकतो आणि दुपारीच हट्ट करतो असे आढळल्यास खिडकीला पडदा लावावा, रिमोट बदलू नये. काही सीएफएल दिव्यांचाही असाच उपद्रव होतो; दिवे मालवून पाहिले की उलगडा होतो.

शेवटची शक्यता मेनूमधली आहे. पुढचा आणि मागचा असे दोन्ही डोळे असलेल्या प्रोजेक्टरांत त्यांपैकी एक किंवा दोन्ही बंद ठेवण्याची सोय असते. कोणीतरी मेनूत चाळा करताना ती निवड बदलली असेल तर रिमोटने ती परत बदलता येणार नाही, हे उघड आहे. प्रोजेक्टरच्या अंगावरची बटणे वापरूनच ‘रिमोट रिसीव्हर’ची ओळ शोधावी लागेल. वर्गात बसल्या जागेवरून डोळा नीट साधत नसेल तर रिमोट प्रोजेक्टरकडे न रोखता पडद्याकडे रोखून पाहावा. पांढऱ्या पडद्यावरून किंवा भिंतीवरून हा प्रकाश परत फिरतो, आणि पाच-सहा मीटरच्या खोलीत एवढे पुरते.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील प्रोजेक्टर सुरू केला की त्याचा आवाज आपोआप कमी होत शून्यावर जातो. रिमोटचे सेल दोन आठवडेही टिकत नाहीत. त्यातच अलीकडे त्याच खोलीतील एसीचा रिमोटही मधूनमधून चालत नाही. विजेच्या दाबात काही दोष असावा काय?

उत्तर : विजेचा यात काही संबंध दिसत नाही. प्रोजेक्टरच्या रिमोटवरील आवाज कमी करण्याचे बटण दबलेल्या स्थितीत अडकले आहे. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी या एकाच कारणाने होतात.

प्रत्येक बटणाचा एक सांकेतिक संदेश असतो. फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत तो ९ मिलिसेकंदांच्या सलग झोताने सुरू होतो, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, आणि त्यानंतर ३२ खुणांत ‘हे कोणाला उद्देशून आहे’ आणि ‘काय करायचे आहे’ ही माहिती. बटण तसेच दाबून ठेवले, तर दर १०८ मिलिसेकंदांनी ‘तेच पुन्हा’ असा एक छोटा संदेश जात राहतो. म्हणजे आपला रिमोट सेकंदाला नऊ वेळा ‘कमी कर’ म्हणून बजावतो आहे, रात्रंदिवस, खोली बंद असतानाही. सेल संपणारच. आणि एसीच्या रिमोटने मध्येच काही सांगू पाहिले, तर एकाच वेळी दोघे बोलल्यासारखे होऊन एसीला धड काही ऐकू येत नाही. काही रिमोट बराच वेळ बटण दबून राहिल्यास स्वतःहून गप्प होतात, पण सगळे तसे नसतात.

खात्री करायची तर रिमोट टेबलावर ठेवून, कोणत्याही बटणाला स्पर्श न करता, वर सांगितल्याप्रमाणे सेल्फी कॅमेऱ्यातून पाहावे. ठिपका लुकलुकत असेल तर चोर सापडला.

आमचा अंदाज असा की रिमोटवर प्लास्टिकची पिशवी घट्ट ताणून रबरबँड लावलेला असेल, कारण आपल्याकडे नव्या रिमोटचे कौतुक याच रीतीने होते. तो रबरबँड नेमका त्या बटणावर आला की एवढे पुरे. आधी पिशवी काढून पाहावी. तरीही लुकलुक थांबली नाही, तर सांडलेल्या चहाचा चिकटपणा आत उतरला असेल. स्क्रू बहुधा सेलच्या खणात असतो. तो काढून कडेची खाच जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू उकलावी. आत बटणांची रबरी चटई आणि खाली हिरवी किंवा तपकिरी पट्टी असते. चटई साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी, आणि पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावी. चटईच्या मागे बटणागणिक जे काळे ठिपके दिसतात ते घाण नव्हेत. बटण दाबल्यावर विजेचे मंडल तेच जोडतात, त्यांना खरवडू नये.

प्रश्न : नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या सभागृहाची व्यवस्था माझ्याकडे आहे. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे एकसारखे प्रोजेक्टर आहेत. एक रिमोट दाबला की दोन्ही हलतात. कधी एक चालू होतो आणि नेमका दुसरा बंद होतो. पाहुण्यांसमोर फजिती होते. दोन रिमोट वेगळे करण्याचा मार्ग आहे काय?

उत्तर : आहे, आणि तो बहुधा आपल्या प्रोजेक्टरमध्ये आधीपासूनच आहे. एकसारख्या प्रोजेक्टरांचे रिमोट एकच भाषा बोलतात. त्यांना वेगळे करण्यासाठी बहुतेक संस्थात्मक प्रोजेक्टरांत क्रमांक देण्याची सोय असते. मेनूत ‘प्रोजेक्टर आयडी’ अशी ओळ मिळेल. तिथे डावीकडच्या प्रोजेक्टरला १ आणि उजवीकडच्याला २ असा क्रमांक द्यावा. मग तोच क्रमांक त्या त्या रिमोटलाही द्यावा लागतो, आणि ही दुसरी पायरी विसरली जाते म्हणून ‘आयडी दिला तरी उपयोग नाही’ अशी तक्रार होते.

रिमोटला क्रमांक देण्याची रीत कंपनीगणिक वेगळी आहे. एप्सनच्या ज्या रिमोटवर ‘आयडी’ हे बटण आहे, त्यावर ते दाबून धरून अंक दाबायचा. काही रिमोटच्या कडेला त्यासाठी एक सरकते बटणही असते, ते ‘ऑन’कडे नसेल तर क्रमांक विचारातच घेतला जात नाही. पॅनासॉनिकच्या रिमोटवर ‘आयडी सेट’ हे बटण दाबून पाच सेकंदांच्या आत क्रमांक दाबायचा असतो, आणि ‘आयडी ऑल’ हे बटण दाबले की तो रिमोट पुन्हा सर्वांचा होतो. एप्सनमध्ये हेच काम शून्य क्रमांकाने होते.

क्रमांक देताना एक व्यावहारिक अडचण येते, तिची तयारी आधी करून ठेवावी. पहिल्या प्रोजेक्टरचा मेनू रिमोटने उघडायला गेलात की दुसराही उघडणार, आणि दोघांनाही १ हाच क्रमांक मिळणार. म्हणून पहिल्याचे काम चालू असताना दुसऱ्याचा मुख्य प्लग काढून ठेवावा. उंचावर असल्यामुळे ते शक्य नसेल, तर दुसऱ्याच्या डोळ्यावर पुठ्ठा धरायला शिपाईमामांना शिडीवर उभे करावे लागेल. अर्धा डोळा झाकून चालत नाही, खिडकी पूर्ण झाकायला हवी, आणि मागचा डोळाही विसरू नये.

एक चालू आणि दुसरा बंद होण्याचे कारण असे की बऱ्याच रिमोटवर चालू आणि बंद यांसाठी एकच बटण असते. त्या बटणाचा संदेश ‘चालू हो’ असा नसून ‘आता आहेस त्याच्या उलट हो’ असा असतो. एकदा एकाने संदेश ऐकला आणि दुसऱ्याने नाही, की तिथून पुढे ते दोघे कायम उलटे चालतात. आपण दोघांना वेगळे केलेत की हा घोळ संपेल. तोवर, कार्यक्रमाआधी जो चुकला असेल त्याला अंगावरच्या बटणाने जुळवून घ्यावे.

रिमोटांवर ‘डावा’ आणि ‘उजवा’ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात, शक्यतो प्रेक्षकांकडून पाहता डावा की व्यासपीठावरून, हेही त्यावर लिहून. आणि या सोयीची दुसरी बाजू लक्षात असू द्यावी : ज्याच्याकडे एकच प्रोजेक्टर आहे आणि ज्याचा रिमोट साफसफाईनंतर अचानक मुका झाला आहे, त्याच्या रिमोटवर कोणाकडून तरी ‘आयडी’ आणि एखादा अंक एकत्र दाबला गेलेला असू शकतो. कॅमेऱ्यात ठिपका छान दिसतो, प्रोजेक्टरचा डोळाही स्वच्छ असतो, तरी दोघांचे जमत नाही. अशा वेळी रिमोट शून्यावर आणून पाहावा. काही रिमोट सेल बराच वेळ काढून ठेवल्यास आपोआपच शून्यावर येतात, त्यामुळे सेल बदलल्यावर सभागृहातला जुना घोळ परत सुरू झाला तर आश्चर्य वाटू देऊ नये.

प्रश्न : प्रोजेक्टरच्या रिमोटवर ‘पेज अप’ आणि ‘पेज डाउन’ अशी बटणे आहेत, पण ती दाबून माझ्या लॅपटॉपवरील स्लाइड पुढे सरकत नाही. बाकी सर्व बटणे चालतात. (एक प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : बटणे बरोबर आहेत, मध्ये एक तार कमी आहे. रिमोटचा संदेश प्रोजेक्टरला मिळतो, पण स्लाइड आहे लॅपटॉपमध्ये, आणि एचडीएमआय किंवा व्हीजीए केबलमधून चित्र लॅपटॉपकडून प्रोजेक्टरकडे जाते. उलट दिशेने ‘पान उलट’ हा निरोप त्यातून जात नाही. त्यासाठी प्रोजेक्टरच्या चौकोनी यूएसबी-बी खाचेतून लॅपटॉपला वेगळी यूएसबी केबल जोडावी लागते. ती जोडली की लॅपटॉपच्या दृष्टीने प्रोजेक्टर हा एक माउस किंवा कीबोर्ड होतो. काही प्रोजेक्टरांत मेनूत जाऊन त्या खाचेचे काम ‘वायरलेस माउस’ असे निवडावेही लागते.

मात्र छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसाठी आम्ही हा खटाटोप सुचवणार नाही. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते. त्यापुढे वीज घेणारी वाढीव केबल लागते. त्यापेक्षा लॅपटॉपला लावायच्या लहान डोंगलसह मिळणारा प्रेझेंटर, म्हणजे स्लाइड पुढे-मागे करणारा वेगळा रिमोट, घ्यावा. तो रेडिओ लहरींवर चालतो, त्यामुळे तो कशावरही रोखावा लागत नाही आणि वर्गात फिरता येते.

प्रश्न : घरी अँड्रॉइड प्रोजेक्टर घेतला आहे. रिमोटने तो चालू आणि बंद होतो, पण बाकीचे एकही बटण लागू होत नाही. रिमोट चालू आहे की बंद, हेच समजेनासे झाले आहे. (पनवेल)

उत्तर : आपल्या हातात एका रिमोटमध्ये दोन रिमोट आहेत. प्रोजेक्टर बंद असताना त्याचे ब्लूटूथ झोपलेले असते, त्यामुळे त्याला उठवण्याचे काम पुष्कळदा अवरक्त दिव्याकडे दिलेले असते. बाकीची बटणे, आणि विशेषतः बोलून शोधण्याची सोय, ब्लूटूथवर चालतात. आपला अवरक्त भाग शाबूत आहे आणि ब्लूटूथची जोडणी सुटली आहे. फॅक्टरी रीसेट किंवा नवे सॉफ्टवेअर आल्यानंतर असे घडते.

जोडणी पुन्हा करण्यासाठी रिमोट प्रोजेक्टरजवळ, हातभर अंतरावर आणावा आणि ठरावीक दोन बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरावीत. रिमोटवरचा लहान दिवा भराभर लुकलुकू लागला की तो जोडणीसाठी तयार झाला. ही दोन बटणे कोणती, हे प्रत्येक बनावटीत वेगळे आहे आणि बहुधा पहिल्या वेळी पडद्यावर चित्रासह दाखवलेले असते, तेव्हा अंदाजाने सगळ्या जोड्या दाबत बसण्यापेक्षा सोबतचे पत्रक पाहावे. पत्रक हरवले असेल आणि रिमोटविना मेनूत जाता येत नसेल, तर प्रोजेक्टरच्या यूएसबी खाचेत संगणकाचा साधा माउस लावावा. बाण पडद्यावर येतो आणि सेटिंग्जमधून ‘रिमोट जोडा’पर्यंत जाता येते. गूगल टीव्हीवर चालणारा प्रोजेक्टर असेल, तर मोबाइलवरील गूगल टीव्ही अॅपमधला रिमोटही उपयोगी पडतो, फक्त दोन्ही एकाच वाय-फायवर हवेत.

जोडणी होते पण मधूनमधून बटणे अडखळतात, असे झाले तर प्रोजेक्टरला हार्ड डिस्क लावलेली आहे का ते पाहावे. यूएसबी ३.० च्या उपकरणांतून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, आणि ब्लूटूथचे कामही तिथेच चालते. डिस्क लांब केबलने दूर ठेवली की फरक पडतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा प्रोजेक्टर वर्षातून दोन-तीनदाच लागतो. पावसाळ्यानंतर काढला तेव्हा रिमोटमध्ये सेल फुटून पांढरे-हिरवे काहीतरी साचले होते. रिमोट टाकून द्यावा काय? (रत्नागिरी)

उत्तर : लगेच टाकू नये. आधी फुटलेले सेल कोणत्या जातीचे आहेत ते पाहावे, कारण औषध त्यावर ठरते. वेष्टनावर ‘अल्कलाइन’ असे लिहिलेले असेल तर गळालेला द्राव क्षारधर्मी, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतो. त्यावर कापसाच्या काडीने व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब लावावेत. आपल्याकडे सर्रास मिळणारे स्वस्त सेल झिंक-कार्बनचे असतात, त्यांतून आम्लधर्मी द्राव गळतो. त्यावर लिंबू लावणे म्हणजे आगीत तेल. तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वापरावा. हातमोजे घालावेत, डोळ्याला हात लावू नये. नंतर सर्व खण किंचित ओल्या कापडाने पुसून, उघडाच पंख्याखाली वाळवावा. स्प्रिंगवर हिरवट थर उरला असेल तर बारीक पॉलिश पेपरने तो घासून धातू चमकू लागेपर्यंत काढावा. स्प्रिंग तुटली असेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे डाग देऊन बसवता येते. काम किरकोळ आहे.

वर्षातून तीनदा लागणाऱ्या रिमोटमध्ये सेल ठेवूच नयेत. ते काढून वेगळ्या डबीत ठेवावेत आणि डबी प्रोजेक्टरच्या बॅगेतच असावी. कोकणच्या हवेत तर हे फारच गरजेचे आहे. रिचार्जेबल सेल वापरायचे असतील तर त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो हे लक्षात घ्यावे. बहुतेक रिमोट त्यांवर चालतात, पल्ला थोडा कमी भरू शकतो.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला लहान प्रोजेक्टर घेतला. त्याचा पत्त्याएवढा चपटा रिमोट पहिल्या दिवसापासून चालत नाही. बदलून मागावा काय?

उत्तर : रिमोटच्या खालच्या कडेतून पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी बाहेर डोकावत असेल, ती ओढून काढावी. प्रवासात सेल संपू नये म्हणून ती मध्ये घातलेली असते. रिमोट बहुधा तेवढ्यानेच सुरू होईल.

त्याहून महत्त्वाचे असे की या चपट्या रिमोटमध्ये सीआर २०२५ जातीचा, नाण्यासारखा, २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल असतो आणि त्याची खाच पुष्कळदा नखानेही उघडते. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजू शकते. खाचेवर चिकटपट्टी लावावी, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी दुखण्याची वाट न पाहता मुलाला तडक रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : बंद करण्याचे बटण एकदा दाबून प्रोजेक्टर बंद का होत नाही?

उत्तर : चुकून हात लागून कार्यक्रमात अंधार होऊ नये म्हणून दुसऱ्यांदा दाबून खात्री घेतली जाते. बंद झाल्यावर पंखा फिरत राहतो, तो दिव्याला गार करतो. तो थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये. नुकताच बंद केलेला दिव्याचा प्रोजेक्टर रिमोटने लगेच चालू होत नसेल, तर तोही रिमोटचा दोष नव्हे. दिव्यातील पाऱ्याची वाफ निवल्याशिवाय तो पुन्हा पेटत नाही, दोन-चार मिनिटे थांबावे.

प्रश्न : मंडळाच्या प्रोजेक्टरचा रिमोट विसर्जनाच्या गडबडीत हरवला. प्रोजेक्टर उंचावर आहे आणि त्याची स्वतःची बटणेही दाद देत नाहीत. आता काय करावे?

उत्तर : स्वतःची बटणे दाद देत नाहीत याचा अर्थ बहुधा त्यांना कुलूप लावलेले आहे, गर्दीत कोणी छेडू नये म्हणून. अनेक एप्सन प्रोजेक्टरांत ‘एंटर’ हे बटण सुमारे सात सेकंद दाबून धरले की हे कुलूप उघडते. इतर बनावटीत रीत वेगळी असेल. ती पुस्तिकेत ‘कंट्रोल पॅनेल लॉक’ किंवा ‘की लॉक’ या नावाखाली मिळते.

मंडळात कोणाकडे शाओमी, रेडमी किंवा पोकोचा फोन असेल तर त्याच्या वरच्या कडेला बारीक काळा ठिपका आहे का पाहावे. तो अवरक्त दिवा असतो. फोनमधल्या रिमोटच्या अॅपमध्ये ‘प्रोजेक्टर’ हा प्रकार आणि कंपनीचे नाव निवडले की अॅप एकेक संकेत पाठवून पाहते. प्रोजेक्टरने प्रतिसाद दिला की ‘हो’ म्हणायचे. तात्पुरते काम यावर निभावते.

नवा रिमोट मागवताना दुकानदाराला नुसते कंपनीचे नाव सांगू नये. प्रोजेक्टरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरील पूर्ण मॉडेल क्रमांकाचा फोटो पाठवावा. ‘सर्व मॉडेलांना चालतो’ म्हणून मिळणाऱ्या रिमोटमध्ये चालू, बंद, मेनू आणि सोर्स एवढे बहुधा नीट असते, पण आयडीचे बटण किंवा पान उलटण्याची सोय नसू शकते. आपल्याला तिची गरज आहे का हे आधी ठरवावे. रिमोट हाती आला की बाजारात मिळणाऱ्या एखाद्या ‘लर्निंग’ रिमोटला तो शिकवून ठेवावा. दोन्हींची टोके दोन-तीन बोटांच्या अंतरावर समोरासमोर ठेवायची, नव्याला शिकण्याच्या स्थितीत आणायचे आणि मूळ रिमोटचे एकेक बटण दाबत जायचे. वीस-पंचवीस बटणांना पाव तास लागतो. मूळ रिमोट मग खजिनदारांच्या कपाटात ठेवावा, आणि मंडपात शिकवलेला न्यावा.